कूलरच्या ताटीवरचा पांढरा थर

चैत्र सरत आला की रायपूरच्या उत्तर सीमेवरील भनपुरीत घरोघरी कूलर बाहेर काढले जातात. बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना लाकडाच्या वखारी, आरागिरण्या आणि लहानमोठे कारखाने, त्यांच्या आडोशाला कामगारांची व नोकरदारांची घरे, आणि थोडे पुढे गेले की उरला व सिलतरा या औद्योगिक वसाहती, असा हा परिसर आहे. मे महिन्यात येथे पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. रोहिणी नक्षत्रातील नऊ दिवसांना, म्हणजे ‘नवतप्या’ला, येथे सणाइतकेच महत्त्व आहे, फरक एवढाच की त्याच्या आगमनाने कोणालाही आनंद होत नाही. अशा दिवसांत वातानुकूलन यंत्र न परवडणाऱ्या कुटुंबाला रात्रीची झोप मिळते ती कूलरच्या जिवावर.

मात्र मागील वर्षीचा कूलर उघडला की बहुतेक घरांत एकच देखावा दिसतो. ताटीतील गवत काडीसारखे ताठ झालेले असते व बोट लावताच मोडते. जाळीवर पांढरे पापुद्रे धरलेले असतात, पंपाचे तोंड बुजलेले असते, आणि टाकीच्या तळाशी चुनखडीसारखा गाळ घट्ट बसलेला असतो. ‘यंदा ताट्या बदलू’ असे म्हणून विषय संपविला जातो. बदललेल्या ताट्या जून उजाडण्यापूर्वीच पुन्हा तशाच होतात आणि दोष गवताला, पंपाला किंवा कूलर विकणाऱ्या दुकानदाराला दिला जातो. वस्तुतः दोष यांपैकी कोणाचाच नसतो. तो थर येतो पायाखालच्या खडकातून.

खडक, पाणी आणि वारा

रायपूर शहर चुनखडीच्या खडकावर वसले आहे. भूशास्त्रज्ञ ज्याला छत्तीसगढ खोरे म्हणतात त्यातील हे थर सुमारे एक अब्ज वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी साचले. याच दगडाच्या बळावर या भागात सिमेंटचा उद्योग उभा राहिला. भनपुरीहून फार दूर नसलेल्या मांढर येथील, पुढे बंद पडलेला सरकारी सिमेंट कारखाना, त्याचप्रमाणे बैकुंठ, जामुल व बलौदा बाजार येथील कारखाने ही त्याची उदाहरणे होत.

पावसाचे पाणी मातीतून झिरपताना तेथील कर्बवायू आपल्यात विरघळवून घेते आणि सौम्य आम्लधर्मी होते. चुनखडीच्या भेगांतून वाहताना हे पाणी थोडा थोडा दगड विरघळवते व तो कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपात आपल्याबरोबर वाहून नेते. विंधनविहिरीतून हेच पाणी आपल्या टाकीत येते. दिसायला ते स्वच्छ असते, परंतु त्यात साबणाला फेस येत नाही आणि डाळ लवकर शिजत नाही. असे पाणी हवेत सुटे झाले, त्यातील कर्बवायू निघून गेला आणि पाण्याची वाफ झाली की विरघळलेला दगड पुन्हा दगड होतो. बस्तरमधील कांगेर खोऱ्याच्या राष्ट्रीय उद्यानात कुटुमसरची गुहा आहे. तेथे छतापासून लोंबणारे व जमिनीतून वर आलेले चुनखडीचे सुळके पाहण्यास पर्यटक दूरदूरहून येतात. ते सुळके घडविणारी आणि कूलरच्या ताटीवर पांढरा थर चढविणारी क्रिया एकच आहे. गुहेला त्यासाठी हजारो वर्षे लागतात, कूलरला एक उन्हाळा पुरतो, कारण कूलरमध्ये पंखा आहे.

घरातील माठाचेही असेच होते. दोन-तीन वर्षे वापरलेल्या माठाच्या बाहेरच्या अंगावर पांढरी बुरशीसारखी नक्षी उमटते आणि मग माठ पाणी गार करीनासा होतो. ती बुरशी नसून क्षार असतात; त्यांनी मातीची छिद्रे बुजविलेली असतात. पूर्वी दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर हाताने पाणी शिंपडले जाई. त्या ताट्या दर साल नव्या बांधल्या जात, शिंपडलेले बरेचसे पाणी खाली ओघळून वाहून जाई, आणि म्हणून क्षारांची तक्रार कोणी केल्याचे ऐकिवात नाही. पंप आला आणि तेच ते पाणी दिवसभर फिरू लागले, तेव्हा हा प्रश्न निर्माण झाला.

महापालिकेच्या नळाचे पाणी त्या मानाने सौम्य असते. ते मुख्यतः खारून नदीचे असते, आणि उन्हाळ्यात त्या नदीला गंगरेल धरणातून सोडलेल्या पाण्याचा आधार असतो. ज्या घरी नळ व विंधनविहीर दोन्ही आहेत, त्यांनी कूलरसाठी नळाचे पाणी वापरावे, हा या लेखातील सर्वांत स्वस्त सल्ला होय. भनपुरीतील अनेक घरांना मात्र ही निवड उपलब्ध नसते.

पाव शेराचा नव्हे, किलोंचा हिशेब

या थराचे खरे प्रमाण लक्षात येण्यासाठी थोडे गणित करणे इष्ट ठरेल. पाण्याची कठीणता दर लिटरमागे किती मिलिग्रॅम चुना, या मापाने मोजतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार २०० मिलिग्रॅमपर्यंतची कठीणता स्वीकारार्ह आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतली जाते. आपल्या विंधनविहिरीचे पाणी ४०० मिलिग्रॅमचे आहे, असे धरू. मध्यम आकाराचा कूलर कोरड्या हवेत तासाला सुमारे ८ लिटर पाणी उडवितो, असेही धरू. दिवसाला १० तास चालला तर ८० लिटर पाण्याची वाफ झाली. वाफेबरोबर चुना जात नाही. तो मागे राहतो. म्हणजे दररोज ३२ ग्रॅम, आणि नव्वद दिवसांच्या हंगामात २ किलो ८८० ग्रॅम.

जवळजवळ तीन किलो दगड! यातला काही भाग पाण्यात विरघळलेल्या स्थितीत राहतो, काही टाकीत गाळ होऊन बसतो, तरी उरलेला सर्व ताटी, पंप, नळी आणि जाळी यांवरच चढतो. उरला-सिलतरा भागातून उडणारी काळी धूळ त्यात मिसळली की थर राखाडी होतो व अधिकच चिवट बनतो.

याचा परिणाम थेट गारव्यावर होतो. बाहेर ४३ अंश तापमान व २० टक्के आर्द्रता असताना केवळ बाष्पीभवनाने हवा जास्तीत जास्त २४ अंशांच्या आसपास आणता येते. चांगली ओली, मोकळी ताटी या १९ अंशांच्या अंतरापैकी सुमारे ८० टक्के अंतर कापते, आणि खोलीत येणारा वारा २८ अंशांचा असतो. थर चढलेली ताटी पाणी शोषत नाही, तिच्या कोरड्या भागातून गरम वारा तसाच आत शिरतो. कार्यक्षमता ५० टक्क्यांवर आली तर येणारा वारा साडेतेहतीस अंशांचा होतो. पंखा तेवढाच फिरतो, विजेचे बिल तेवढेच येते, गारवा मात्र नसतो. याच टप्प्यावर पुष्कळ कुटुंबे ‘कूलर आता चालत नाही’ असा निष्कर्ष काढून वातानुकूलन यंत्राच्या हप्त्यांची चौकशी करू लागतात. सर्वसाधारण कूलरला २०० वॅटच्या आसपास वीज पुरते, तर दीड टनी वातानुकूलन यंत्राला सुमारे दीड हजार वॅट लागते. ज्याला ते परवडते त्याने ते अवश्य घ्यावे. परंतु तीन किलो चुन्यामुळे घ्यावे लागू नये.

काढण्यापेक्षा न साचू देणे

थर काढण्याचा सर्वांना ठाऊक असलेला उपाय म्हणजे आम्ल: व्हिनेगर, लिंबाचा रस, किंवा किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, म्हणजेच सायट्रिक ॲसिड. चुन्यावर आम्ल पडले की बुडबुडे येतात, कर्बवायू निघून जातो आणि चुना विरघळतो. उपाय खरा आहे, परंतु त्याची मर्यादा कोणी सांगत नाही. बाजारातील ५ टक्के व्हिनेगर घेतले तर १०० ग्रॅम चुना विरघळविण्यास सुमारे २ लिटर ४०० मिलिलिटर लागते. वरील हिशेबातील पूर्ण हंगामाचा थर व्हिनेगरने काढावयाचा झाल्यास जवळजवळ ७० लिटर व्हिनेगर आणावे लागेल. याचा अर्थ सरळ आहे: आम्ल हे पातळ थरासाठी व लहान भागांसाठी आहे. किलोंनी साचणाऱ्या चुन्यावर उपाय एकच, तो म्हणजे त्याला साचण्यापूर्वी पाण्याबरोबर बाहेर सोडणे.

टाकी ६० लिटरची आहे व पाणी उडेल तसे नवे पाणी भरले जाते, असे समजा. एका दिवसात ८० लिटर उडाले की टाकीतील पाणी मूळच्या सव्वादोन पटींहून थोडे अधिक क्षारयुक्त होते. एक दिवसाआड टाकी रिकामी केली तर ते साडेतीन पटींच्या किंचित पुढे जाते. आठवडाभर टाकी रिकामी केली नाही, तर सारे क्षार विरघळलेलेच राहिले असे मानल्यास ते दहा पटींच्या वर जाईल. पण तितका चुना पाण्यात मावत नाही आणि म्हणूनच तो ताटीवर उतरतो. बहुतेक घरांत ‘पाणी कमी झाले की भरा’ एवढाच नियम पाळला जातो. टाकी तुडुंब भरलेली असते, म्हणून पाणी ताजे आहे असा समज होतो. खालची तोटी मात्र हंगामभर उघडलेली नसते.

रोज सकाळी कूलर बंद केल्यावर तोटी उघडून टाकी रिकामी करणे हा सर्वांत सोपा उपाय होय. ज्यांना हे जमत नाही, त्यांच्यासाठी मोठ्या कारखान्यांतील शीतकरण मनोऱ्यांत वापरली जाणारी युक्ती घरीही करता येते. पंपाकडून वर जाणाऱ्या नळीला मत्स्यपेटीसाठी मिळते तशी एक बारीक नळी व तिची छोटी तोटी जोडावी आणि तीतून थोडे पाणी सतत बाहेर जाऊ द्यावे. जेवढे पाणी उडते त्याच्या निम्मे बाहेर सोडले तर टाकीतील क्षार तिपटीवर जाऊन थांबतात, मग कूलर कितीही दिवस चालो. तासाला ८ लिटर उडत असेल तर ४ लिटर सोडावे लागेल. तीन मिनिटांत एक पेला भरेल अशी बारीक धार ठेवली की हे प्रमाण साधते.

येथे एक रास्त शंका उपस्थित होईल. मे महिन्यात विंधनविहिरींची पातळी खाली गेलेली असताना दिवसाला ४०-६० लिटर पाणी सोडून द्यावयाचे काय? सोडून द्यावयाचे नाहीच. ते बादलीत धरावे. शौचालयासाठी, फरशी पुसण्यासाठी, अंगणात सडा टाकण्यासाठी ते पूर्णपणे योग्य आहे. कुंडीतील तुळशीला किंवा नाजूक रोपांना मात्र ते घालू नये. क्षार कुंडीच्या मातीत साचतात.

काटकसरीचीच दुसरी एक सवय अलीकडे बरीच पसरली आहे आणि ती मात्र महाग पडते. पिण्याच्या पाण्याच्या आर. ओ. यंत्रातून बाहेर पडणारे टाकाऊ पाणी कूलरमध्ये ओतले जाते. तीन लिटर पाण्यापैकी एक लिटर शुद्ध होऊन आला, तर त्याचे जवळजवळ सर्व क्षार उरलेल्या दोन लिटरांत जातात व ते पाणी सुमारे दीडपट कठीण होते. म्हणजे क्षार काढण्यासाठी घेतलेल्या यंत्राचे क्षार आपण स्वतःच्या हाताने कूलरला देतो. हे पाणी थेट शौचालयाकडे वळवावे.

तुरटी फिरविल्याने गढूळपणा जातो, कठीणता जात नाही. नळीवर चुंबक बसवून क्षार थांबतात अशी जाहिरात केली जाते, परंतु त्यावर विसंबून पैसे खर्च करावेत इतका भरवशाचा पुरावा नाही. पाणी मृदू करणारे मिठाचे यंत्र चुन्याच्या जागी सोडियम देते. त्यामुळे दगडासारखा थर येत नाही, पण क्षारांचे एकूण प्रमाण कायम राहते आणि तोटी उघडण्याचे काम चुकत नाही. आपले पाणी किती कठीण आहे हे अंदाजाने ठरवू नये. छत्तीसगढ शासनाच्या लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाच्या प्रयोगशाळांत पाण्याची तपासणी होते. एकदा केलेली तपासणी पुष्कळ अनावश्यक खरेदी टाळते.

पाण्याची धारही पुरेशी असावी लागते. वरच्या पन्हळीतील छिद्रे बुजली की ताटीचे पट्टे कोरडे राहतात आणि थर सर्वप्रथम त्या पट्ट्यांच्या कडेला धरतो. म्हणून आठवड्यातून एकदा काडीने ही छिद्रे मोकळी करावीत. भर उन्हात वीज वाचविण्यासाठी पंप सारखा बंद-चालू करण्याने ताटी वारंवार वाळते व प्रत्येक वेळी नवा थर ठेवून जाते. लहानसा पंप वीज फारच थोडी खातो. त्याच्यावरची काटकसर ताटीच्या किमतीत वसूल होते.

आम्ल वापरताना

बसलेला पातळ थर काढण्यासाठी एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व पुरते. पंप, प्लास्टिकची नळी, पन्हळ हे भाग त्यात अर्धा ते एक तास भिजत ठेवावेत, जुन्या दात घासण्याच्या ब्रशने घासावेत व स्वच्छ पाण्याने धुवावेत. बुडबुडे थांबले की द्रावणाची शक्ती संपली असे समजून नवे द्रावण घ्यावे. जुन्यातच पूड वाढवीत राहिल्यास कॅल्शियम सायट्रेटचा वेगळाच पांढरा साका तयार होतो. पंपाचा विजेचा जोड व तार द्रावणात बुडू देऊ नये.

पत्र्याच्या टाकीच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. गंजापासून रक्षण करणारा जस्ताचा मुलामाही आम्लाला बळी पडतो. अशा टाकीत लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने थर खरवडणे बरे. शौचालयाच्या सफाईचे तीव्र आम्ल कूलरला कधीही लावू नये. व्हिनेगर किंवा अन्य कोणतेही आम्ल ब्लीचिंगच्या द्रावणात मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे. गवताच्या जुन्या, ताठ झालेल्या ताट्यांवर श्रम घेऊ नयेत; त्या बदलाव्यात. पुठ्ठ्यासारख्या, मधाच्या पोळ्याच्या आकाराच्या ताट्या अनेक हंगाम टिकतात, पण त्यांनाही घासणीने घासू नये. मऊ ब्रश व पाण्याची धार एवढेच त्यांना सोसते.

आणि या सर्वांच्या आधी, हात पाण्यात घालण्यापूर्वी, प्लग भिंतीतून काढावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. पत्र्याचा कूलर, पाण्यात बुडालेला पंप, ओली फरशी आणि अनवाणी पाय यांच्या संयोगाने मध्य भारतात दर उन्हाळ्यात माणसे दगावतात. क्षारयुक्त पाणी विजेचे अधिक चांगले वाहक असते, हेही येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे. चुन्याने अडकलेला पंप तापतो, त्याचे वेष्टन वितळते आणि प्रवाह टाकीत उतरतो. कूलरला तीन पिनांचा प्लग व खरोखर जोडलेली अर्थिंग हवी. गळणारा प्रवाह ३० मिलिअँपिअरवर जाताच वीज तोडणारे उपकरण घराच्या फलकावर बसवून घेतले तर तो खर्च वायफळ नव्हे.

टाकी रिकामी करण्याने आणखी एक लाभ होतो, आणि काहींच्या मते तोच पहिला मानला पाहिजे. डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या एडिस डासाला स्वच्छ, साठलेले पाणी आवडते आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. त्याची अंडी पाण्याच्या रेषेलगत भिंतीला चिकटतात व कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी नुसती रिकामी न करता तिच्या भिंती घासून काढणे आवश्यक आहे.

दूरदेशीची धुके-यंत्रे

भोसल्यांच्या राजवटीपासून रायपुरात मराठी कुटुंबे आहेत. तात्यापारा हा मोहल्ला त्याची साक्ष देतो. त्यांच्या नव्या पिढीतील अनेक जण आज अमेरिका-कॅनडात आहेत, आणि तेथे प्रश्न उलट्या दिशेने येतो. हिवाळ्यात घर तापविल्याने हवा कोरडी पडते, म्हणून खोलीत आर्द्रता वाढविणारे ह्युमिडिफायर ठेवतात. त्यांतील ध्वन्यातीत कंपनांवर चालणाऱ्या यंत्रांत पाण्याची वाफ होत नाही, तर अतिसूक्ष्म तुषार उडतात. त्यामुळे क्षार मागे न राहता तुषारांबरोबर खोलीत येतात व सामानावर पांढरी भुकटी बसते. तीच भुकटी श्वासातूनही जाते. या यंत्रांत ऊर्ध्वपातित, म्हणजे डिस्टिल्ड पाणीच वापरावे, ते रोज बदलावे आणि व्हिनेगरने आठवड्याला यंत्र धुवावे. पाण्यात जंतुनाशक मात्र कधीही घालू नये. दक्षिण कोरियात अशी खास जंतुनाशके अनेक वर्षे बाजारात विकली जात होती. त्यांच्यामुळे फुप्फुसांना गंभीर इजा होऊन अनेकांचे प्राण गेल्याचे २०११ मध्ये उघड झाले आणि त्यांत लहान मुले व गरोदर स्त्रिया होत्या. आजी-आजोबांनी नातवंडांच्या घरी गेल्यावर हे यंत्र एकदा उघडून पाहण्यास हरकत नाही.

हंगाम संपताना

जूनच्या मध्यास पावसाळी हवा आली की कूलर निरुपयोगी होतो, आणि बहुतेक ठिकाणी तो तसाच, अर्ध्या टाकीसह, खिडकीत राहतो. वर्षातील सर्वांत कठीण थर याच काळात बसतो, कारण तळाचे पाणी शेवटच्या थेंबापर्यंत तेथेच आटते. शेवटच्या दिवशी टाकी रिकामी करून घासावी, ताट्या धुऊन पंख्याच्या वाऱ्यावर पूर्ण वाळवाव्यात, पत्र्यावर जेथे रंग उडाला असेल तेथे लेप लावावा. पंप लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवून, धुऊन, दोन दिवस सावलीत वाळवावा आणि कापडात गुंडाळून ठेवावा. टाकीची तोटी उघडीच ठेवावी, म्हणजे गच्चीवरचा पाऊस आत आला तरी थांबणार नाही.